सही विद्यार्थ्याची लागते

एका बाप्तिस्ती सेमिनरीच्या विद्यार्थी विभागप्रमुखांना अनावृत पत्र

मोरिवली, अंबरनाथ

आदरणीय सर,



तुम्ही मला ओळखणार नाही. नावाने तर नाहीच, समोर आले तरी कदाचित नाही. तीन वर्षं मी तुमच्या ऑफिसच्या मागच्या इमारतीत, विवाहित विद्यार्थ्यांच्या क्वार्टर्समध्ये वरच्या मजल्यावर राहिले. तुमच्या खिडकीतून आमची कपड्यांची दोरी दिसायची. माझ्या मुलीचे लंगोट त्या दोरीवर वाळत असायचे, त्यावरून तरी वर एक तान्हं बाळ आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल.

याआधी मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली. पहिलं मराठीत लिहिलं, मनातलं नीट सांगता यावं म्हणून. त्याचं काही झालं नाही. दुसरं इंग्रजीत लिहिलं. त्याचं उत्तर आलं, पण ते माझ्या मिस्टरांच्या नावाने. आपल्या पत्नीच्या भावना समजल्या, असं त्यात लिहिलं होतं. पत्र मी लिहिलं होतं, खाली सही माझी होती, पत्ता माझा होता. तेव्हापासून गप्प होते. आता मिस्टरांचा बी.डी. पूर्ण होऊन दोन वर्षं झाली, आम्ही मोरिवलीला परत आलो, ते इथेच मंडळीची सेवा करतात. हे सगळं उकरून काढायचं माझ्या मनात नव्हतं.

पण गेल्या रविवारी उपासनेनंतर आमच्या मंडळीतली एक मुलगी माझ्याजवळ आली. तिच्या नवऱ्याची तुमच्याकडे निवड झाली आहे, जूनमध्ये दोघं निघतील. तिला पाचवा महिना आहे. सतरंज्या गुंडाळता गुंडाळता तिने विचारलं, "ताई, तिथं बायकांचं कसं असतं?" मला उत्तर देता येईना. "चांगलं असतं गं" म्हटलं तर मी खोटी ठरते, आणि खरं सांगितलं तर ती घाबरते. म्हणून आता उघड लिहिते आहे. संस्थेचं नाव लिहीत नाही, तुमचंही नाही. वाचल्यावर तुम्हाला कळेल, आणि इतर सेमिनऱ्यांत तुमच्यासारख्या खुर्चीवर बसलेल्यांनाही कदाचित कळेल.

मी कुठून आले ते आधी सांगते, कारण त्याशिवाय माझं दुःख तुम्हाला समजणार नाही. मी मोरिवलीत वाढले. इथे सकाळी दार उघडलं की कंपन्यांचा वास आत येतो आणि वालधुनीच्या पाण्याचा रंग कधी काय असेल ते सांगता येत नाही. लग्नाआधी मी इथल्याच एमआयडीसीत एका गोळ्यांच्या कंपनीत पॅकिंगला होते. बी.कॉम. झाले होते, म्हणून पुढे चेकिंगला घेतलं. पट्टीत गोळी कमी आहे का, कुठे फुटली आहे का, हे आठ तास डोळ्यांत तेल घालून बघायचं काम. तिथं कुणी प्रार्थना करत नव्हतं. पण आमच्या सुपरवायझर मॅडमना लाइनवरच्या प्रत्येक बाईचं घर ठाऊक होतं. एखादीला दिवस गेले की तिला उभ्याचं काम द्यायच्या नाहीत, न बोलता तिच्याजवळ स्टूल सरकवायच्या. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कुणाला न्यायला माणूस आला नसेल, तर गाडी आल्याशिवाय त्या स्वतः टाइम ऑफिसमधून हलायच्या नाहीत.

माझे वडील कामगार होते. त्यांच्या ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, कार्डावर आम्हा सगळ्यांची नावं होती, आईचं, माझं, भावाचं. नोकरी एकट्या वडिलांची, पण ताप आम्हाला आला तरी उल्हासनगरच्या ईएसआय हॉस्पिटलात दाखवता यायचं. कामगाराला धरायचं तर त्याच्यामागच्या माणसांना धरूनच धरायचं, एवढं सरकारने १९४८ च्या कायद्यातच मान्य केलं होतं. त्याच वर्षीच्या फॅक्टरी अ‍ॅक्टात असं होतं की तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर मालकाने पाळणाघर द्यायचं. सगळे मालक द्यायचे असं नाही. पण नाही दिलं तर बाईला बोट ठेवायला कागद होता. तुमच्याकडे मी बोट कशावर ठेवणार होते?

मिस्टरांना पाचारण झालं तेव्हा मी नोकरी सोडली. कुणी जबरदस्ती केली नाही, आम्ही दोघांनी गुडघे टेकून ठरवलं. मंडळीने निरोप दिला, हातावर पाकीट ठेवलं. पाचारण दोघांना आहे, असं सगळे म्हणाले. तुमच्या प्रवेशाच्या मुलाखतीतही मला बोलावलं होतं, सर. तुम्हीच विचारलंत की पतीच्या सेवेत तुम्ही साथ द्याल का. मी हो म्हटलं. तीन वर्षांत तुमच्या विभागाने मला विचारलेला तो पहिला आणि शेवटचा प्रश्न.

तुमच्या ऑफिसच्या दारावर विद्यार्थी सेवा विभाग अशी पाटी आहे. समुपदेशन, आरोग्य, शिष्यवृत्ती, वसतिगृह, सगळं त्या एका छपराखाली येतं, आणि नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताच्या दिवशी तुम्ही ते फार आपुलकीने समजावून सांगता. मीही मागे मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. हळूहळू कळत गेलं की त्यातलं काही आमच्यासाठी नाही. दवाखान्याची वही विद्यार्थ्यांची. समुपदेशनाची वेळ विद्यार्थ्यांची. लायब्ररीत गेले तर काउंटरवरच्या भाऊंनी कार्ड मागितलं. "विद्यार्थ्याच्या पत्नीला कार्ड नसतं," म्हणाले, आणि त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण पुढे म्हणाले, "मिस्टरांच्या कार्डावर न्या ना." मग मी तसंच केलं. मिस्टरांना हिब्रूची पुस्तकं हवी असायची, कार्डावर पुस्तकं मोजकी मिळायची. त्यातलं एक ते माझ्यासाठी सोडायचे.

आणि आता त्या रात्रीबद्दल.

मुलगी चौदा महिन्यांची होती. शनिवार होता. मिस्टर शनिवार-रविवारच्या सेवेसाठी एका खेड्यातल्या मंडळीत गेले होते, तिथे फोन लागत नव्हता. तिला दोन दिवस सर्दी होती. रात्री अकराच्या सुमाराला तिचा श्वास बदलला. रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. नुसती धाप. फ्रॉक वर केला तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता, आणि नाकपुड्या फुलत होत्या. मी शेजारचं दार वाजवलं. ती बिचारी स्वतः बाळंतीण, मिझोरामची, तिला हिंदी धड येत नव्हतं, तरी तिने आपल्या अंगावरची शाल काढून माझ्या मुलीला गुंडाळली.

मी खाली गेटवर गेले. पोर्चमध्ये सेमिनरीची गाडी उभी होती. वॉचमनकाका म्हणाले, गाडीच्या चिठ्ठीवर विद्यार्थ्याचा अर्ज लागतो आणि सरांची सही लागते. म्हटलं, सरांना उठवा. ते म्हणाले, "एवढ्या रात्री उठवायची ऑर्डर नाही, ताई." तुमचा बंगला गेटपासून दोन मिनिटांवर आहे, सर. व्हरांड्यातला दिवा चालू होता.

मग मी म्हटलं, निदान गेट तरी उघडा. त्यांनी वही काढली. दहानंतर बाहेर जायचं तर नोंद करावी लागते. मी पेन घेतलं, तर म्हणाले, "सही विद्यार्थ्याची लागते." एका हातात पोर, दुसऱ्या हातात पेन, आणि मी त्या ओळीकडे बघत उभी. शेवटी त्यांनीच मिस्टरांचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, ११.४०, आणि सहीच्या रकान्यात रेघ मारली. गेट उघडलं. तेच माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आले आणि रिक्षा थांबवून त्यांनी रिक्षावाल्याला दोनदा बजावलं की बाईंना दवाखान्याच्या दारात सोड. त्या माणसाबद्दल माझ्या मनात काही नाही. त्यांना नोकरी होती, आणि जेवढं करता आलं तेवढं त्यांनी केलं.

न्यूमोनिया निघाला. तीन दिवस ऑक्सिजन, सलाईन, वाफ. देवाच्या दयेने ती वाचली. आता बालवाडीत जाते.

मला एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. त्या रात्री कुणी तुम्हाला उठवलं असतं तर तुम्ही आला असता, असं मी आजही मानते. गाडी काढली असती, कदाचित स्वतः बरोबर आला असता. तुम्ही दुष्ट नाही आहात. माझं दुःख हे की तुम्हाला उठवायची कुणाची छाती झाली नाही. विद्यार्थ्यांचं दुःख ऐकायला नेमलेल्या माणसाची झोपमोड करायला गेटवरचा माणूस घाबरत असेल, तर ती भीती एका रात्रीत तयार झालेली नसते. ती कशी तयार झाली, हे तुम्ही शोधायला हवं होतं.

तुम्ही काय केलंत? सोमवारी चॅपलमध्ये एका विद्यार्थ्याच्या कुटुंबासाठी प्रार्थना झाली, असं मिस्टरांनी सांगितलं. हॉस्पिटलात कुणी आलं नाही. आम्ही घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मेमो आला. कुटुंबातील व्यक्ती रात्री दहानंतर परवानगीशिवाय परिसराबाहेर गेली, खुलासा करावा. मिस्टरांनी खुलासा लिहिला. माझ्यासमोर बसून लिहिला, आणि लिहिताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं. बाजूलाच त्यांची तुमच्या तासाची वही पडली होती. पाळकीय समुपदेशन तुम्हीच शिकवता. रुग्णाला भेटायला गेल्यावर आधी काय बोलू नये, याच्या तुमच्या टिपा त्यांनी इतक्या सुंदर उतरवल्या होत्या की मी त्या नंतर कितीतरी वेळा वाचल्या. सगळं बरोबर होतं त्यात. म्हणूनच जास्त लागलं.

त्या दिवसांत मी मिस्टरांच्या कार्डावर मिशनरी विल्यम कॅरींचं चरित्र आणलं होतं. इंग्रजी जाडजूड होतं, डिक्शनरी घेऊन बसायची. तुमच्या ऑफिसात कॅरींचा फोटो आहे, टेबलाशी बसलेले कॅरी आणि शेजारी पंडित. आपल्या मराठी माणसांवर त्यांचे उपकार मोठे आहेत. बंगालात, श्रीरामपूरला बसून त्यांनी नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठीचं व्याकरण केलं, ते १८०५ साली छापलं. १८१० साली मोडी अक्षरांत कोश काढला, १८११ साली नवा करार मराठीत आणला. हे मी लहानपणापासून रविवारच्या शाळेत ऐकत आले. पण डॉरथीबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉरथी म्हणजे कॅरींची पत्नी. १७८१ साली लग्न झालं तेव्हा तिला लिहिता येत नव्हतं, लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली मारली. १७९३ साली ते हिंदुस्थानात यायला निघाले तेव्हा ती गरोदर होती, ती नाही म्हणाली. पण जहाजाला उशीर झाला, तेवढ्यात बाळ झालं, पुन्हा आग्रह झाला, आणि बहीण सोबत येते म्हणाल्यावर ती काही आठवड्यांचं तान्हं घेऊन, एका दिवसात सगळं आवरून निघाली. पुढच्या वर्षी तिचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आमांशाने गेला. त्यानंतर तिचं मन जे ढासळलं ते सावरलं नाही. बरीच वर्षं तिला खोलीत बंद करून ठेवावं लागलं. १८०७ च्या डिसेंबरात ती गेली.

साल बघा, सर. १८०५. कॅरी साहेब टेबलाशी बसून माझ्या भाषेचं व्याकरण छापायच्या तयारीत होते, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत डॉरथी ओरडत होती. मी कॅरींना दोष देत नाही. त्या काळी अशा आजाराला औषध नव्हतं, आणि त्यांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं नाही, घरातच ठेवलं. पण त्या पानावर मी पुस्तक मिटलं आणि खूप रडले. माझी मुलगी वाचली होती, तरी रडले. आम्हा बायकांची ती भिंत पहिल्यापासूनची आहे, असं वाटलं.

त्याच पुस्तकात कॅरींच्या सहकाऱ्याच्या पत्नी हॅना मार्शमनही भेटल्या. १८०० साली सगळी मिशनरी कुटुंबं श्रीरामपूरला एकत्र राहायला लागली, तेव्हा कॅरींची मुलं आईविना असल्यासारखी वाढत होती, कुणाचा धाक नाही, कुणाची माया नाही. हॅनाबाईंनी त्यांना जवळ केलं. एवढ्या मोठ्या एकत्र घराचं स्वयंपाकपाणी, आजारपणं, मुलामुलींच्या शाळा त्यांनी सांभाळल्या. म्हणजे १८१८ साली तिथं कॉलेज उघडायच्या कितीतरी आधी, ज्याला तुम्ही विद्यार्थी सेवा म्हणता ती एक बाई करत होती. तिला पद नव्हतं, केबिन नव्हतं. कोण जेवलं नाही हे तिला ठाऊक होतं. आपल्याकडे नगरला रेव्हरंड टिळकांच्या घरी काय वेगळं होतं? माणसांचा राबता, परकी मुलं घरात वाढलेली, आणि आहे त्यात त्या सगळ्यांचं भागवणाऱ्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. पदव्या घेऊन बाहेर पडणारे पाळक आपण मोजतो. त्यांना ताटावर बसवणाऱ्या बायका मोजल्या असत्या तर तुमच्या विभागात निदान एक तरी बाई असती. तीन वर्षांत तुमच्या विभागात मी एकही बाई पाहिली नाही, टायपिंगला होती ती सोडून.

तुम्ही म्हणाल, ही कुरकुर आहे. मंडळीत कुरकुर करू नये, असं आम्हाला शिकवलं जातं. पण प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय तुम्हीच शिकवता. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, आणि त्यांच्या लोकांनी कुरकुर केली. प्रेषितांनी त्यांना गप्प केलं नाही. खुलासा मागवला नाही. सगळ्यांना बोलावलं, सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातांची नावं बघितली तर सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसं वाढायला उभी केली. जगातल्या सगळ्या सेमिनऱ्यांच्या सेवा विभागांचं मूळ त्या कुरकुरीत आहे, असं मला वाटतं. मग माझी कुरकुर पाप कशी?

आणि आपण तर बाप्तिस्ती आहोत. इथे मोरिवलीत आमची उपासना भाड्याच्या गाळ्यात भरते, खाली वेल्डिंगचं दुकान आहे. वर्षाची सभा असली की हिशेब वाचला जातो आणि प्रत्येक बाप्तिस्मा झालेला सभासद हात वर करतो. पाळकाचा एक हात, माझा एक हात, भांडी घासून चार घरं सांभाळणाऱ्या आजींचा एक हात. आम्ही पाण्यात पूर्ण बुडून वर आलो ते स्वतःच्या कबुलीवर, कुणाच्या नवऱ्याच्या किंवा बापाच्या कबुलीवर नाही. माझी कबुली देवाला चालली. तुमच्या गेटच्या वहीला माझी सही चालली नाही.

मला माफीचं पत्र नको. मी काय मागते ते साधं आहे. क्वार्टर्समधल्या प्रत्येक बाईचं आणि पोराचं नाव तुमच्या रजिस्टरात असू द्या, विद्यार्थ्याच्या नावाखाली कंसात नव्हे, स्वतःच्या ओळीवर. रात्रीच्या आजारपणाला गाडीची चिठ्ठी लागू नये, आणि वॉचमनकाकांना लेखी ऑर्डर असावी की तुम्हाला कधीही उठवता येतं. लायब्ररीचं कार्ड द्या. तुमच्या विभागात एक बाई नेमा, जिला क्वार्टर्सचे जिने चढायचं काम असेल, आणि जिला मराठी, हिंदी, मिझो, तेलुगू बोलणाऱ्या बायकांशी कसं बोलायचं हे कळत असेल. निधी नाही, असं उत्तर असेल तर आमची मंडळी मोठी नाही, पण आम्ही वर्गणी काढू. गंभीरपणे सांगते आहे. गाळ्याचं भाडं देऊन उरतं त्यातून देऊ.

त्या मुलीला मी शेवटी उत्तर दिलं. बुधवारी तिच्या घरी गेले, चहा झाल्यावर वहीचं पान फाडून तिला लिहून दिलं. गेटपासून मुलांच्या दवाखान्यापर्यंत किती वेळ लागतो. रात्री रिक्षा कोणत्या कोपऱ्यावर मिळते. बाळाच्या बरगड्यांखाली खळगा पडायला लागला तर सकाळची वाट बघायची नाही. वॉचमनकाका अजून तिथेच असतील तर त्यांना माझा सलाम सांग. माझा थर्मामीटरही तिला दिला. तिने विचारलं, "आणि ऑफिसात कुणाला भेटायचं?" ती ओळ मी रिकामी सोडली आहे, सर. जून यायला अजून वेळ आहे.

उत्तर द्यायचं झालं तर पाकिटावर माझं नाव घाला. या पत्राची एक प्रत टपालाने पाठवते आहे, त्यात नाव आणि पत्ता लिहिला आहे.

आपली बहीण,
क्वार्टर्सच्या वरच्या मजल्यावर राहणारी